तो घरी आला, त्यानंतरचं लिहा

पत्राचा सारांश : पत्रलेखिका सातारा जिल्ह्यातल्या, वय ४३, माध्यमिक शाळेत शिक्षिका. त्यांचे पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला (आजच्या इराकमध्ये) गेले, कुतच्या वेढ्यात सापडले आणि तुर्कांचे कैदी झाले. घरी काहीच खबर नाही. माणूस गेला असंच गावानं धरलं. पणजीचा दुसरीकडे पाट लावायची बोलणी सुरू झाली, आणि १९१९ साली पणजोबा दारात येऊन उभे राहिले. यावर बाई ऐतिहासिक प्रेमकादंबरी लिहीत आहेत. शेवटच्या प्रकरणात नवरा-बायकोची भेट होते, तिच्या हातातली घागर पडते, "आता सगळं ठीक झालं" असं तो म्हणतो आणि कादंबरी संपते. मैत्रिणींना वाचताना रडू आलं. थोरल्या चुलत्यांनी मात्र वाचून सांगितलं की असं काही झालंच नव्हतं. पणजोबा घरात झोपत नसत, ओट्यावर झोपत. भाकरीचा चतकोर कमरेला खोचून ठेवत. दोघं कितीतरी दिवस एकमेकांशी धड बोलतही नव्हती. शिवाय "पाटाची भानगड त्यात नको, घराण्याची अब्रू जाते," अशी तंबीही दिली. बाईंचे प्रश्न तीन. शेवट गोड ठेवू की खरा? इतक्या हालअपेष्टांवर प्रेमकादंबरी लिहिणं हा थिल्लरपणा तर नाही? आणि चुलत्यांचं काय करू?

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत पाठवलेलं शेवटचं प्रकरण मी दोनदा वाचलं. तुमची भाषा चांगली आहे, गाव डोळ्यांपुढे उभं राहतं, आणि मैत्रिणी रडल्या असतील तर त्यात खोटं काही नाही. पाच वर्षं ज्याची वाट पाहिली तो माणूस समोर दिसला की कुणालाही भरून येईल. पण तुमच्या पत्रातल्या ज्या चार ओळींनी मला धरून ठेवलं त्या कादंबरीतल्या नाहीत. त्या चुलत्यांच्या आहेत. ओट्यावर झोपणारा माणूस, कमरेला खोचलेला चतकोर, आणि घरातलं ते न बोलणं. तुम्हाला वाटतं आहे की चुलत्यांनी तुमचा शेवट मोडला. मला वाटतं, त्यांनी तुम्हाला कादंबरीचा अर्धा भाग आयता आणून दिला.

'गोड की खरा' या तुमच्या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही धरून चालला आहात : तो दारात आला म्हणजे भेट झाली. मला ते पटत नाही. दारात आला तो फक्त जिवंत माणूस. नवरा, बाप, भाऊ म्हणून त्या घरात तो केव्हा आला, याचं उत्तर तुमच्या प्रकरणात नाही, कारण त्याआधीच तुम्ही पडदा पाडला आहे.

तो कुठून आला होता ते जरा पाहा. पुण्याची सहावी डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये बसऱ्याच्या बाजूला उतरली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. वर्षभर ही फौज नदीच्या काठाकाठाने बगदादच्या दिशेने चढत गेली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफोनला जबर मार खाऊन मागे फिरली आणि कुत-अल-अमाराला अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, म्हणजे जवळजवळ पाच महिने वेढा. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजा दरवेळी अलीकडेच अडल्या. आत धान्य संपत आलं तेव्हा तोफखान्याचे आणि रिसाल्याचे घोडे कापून खायला सुरुवात झाली. आपल्या शिपायांनी कितीतरी दिवस त्या मांसाला हात लावला नाही. हिंदुस्थानातल्या धर्मपुढाऱ्यांकडून 'चालेल' असा निरोप मागवून घेण्यात आला, तरीही पुष्कळांनी नाकारलं. जवाच्या मूठभर पिठावर माणसं उभी होती. भाजीपाला नाही, त्यामुळे हिरड्या सडल्या, जुन्या जखमा पुन्हा उकलल्या. शेवटी सुमारे १३ हजार माणसं शरण गेली. काही अगदी आजारी शिपाई अदलाबदलीत सुटले. बाकीच्यांना वाळवंटातून मैलोन्‌मैल पायी हाकत नेलं आणि पुष्कळ हिंदी कैद्यांना रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. वाटेत आणि तिथे हजारो मेले.

हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. चौथ्या ते नवव्या प्रकरणांत ते आलं आहे असं तुम्ही लिहिता. मग हा माणूस अडीच वर्षांची कैद संपवून मुंबई बंदरात उतरतो, पुण्याहून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या गाडीने सातारा रोडला येतो, तिथून पायी गावाला जातो, आणि दारात बायको दिसताच 'आता सगळं ठीक झालं' म्हणतो? ताई, ते वाक्य त्याचं नाही. ते तुमचं आहे. त्याला सुखी झालेलं पाहायची घाई तुम्हाला झाली आहे. त्यामागची माया मला कळते, कारण तो तुमच्या रक्ताचा आहे. पण मायेपोटी तुम्ही त्याला बोलू दिलेलं नाही.

आता तिच्याकडे वळू, कारण खरी तक्रार मला तिच्याबाबतीत आहे. तुमच्या नायिकेची पाच वर्षं दीड पानात संपतात. ती वाट पाहते, देवाला दिवा लावते, पुन्हा वाट पाहते. तिनं त्या काळात दुसरं काही केलंच नाही, असं तुम्ही मानलं आहे.

१९१८ साल आठवा. जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएन्झाची पहिली लाट आली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसऱ्या लाटेनं गावंच्या गावं आडवी केली. एकट्या मुंबई इलाख्यात १० लाखांच्या आसपास माणसं गेली. त्याच वर्षी पाऊसही पडला नाही. तरण्याताठ्या बाया पुरुषांपेक्षा जास्त दगावल्या, कारण घरातल्या आजाऱ्यांना पाणी पाजणारी तीच, अर्धपोटी राहणारीही तीच. तुमच्या नायिकेच्या घरात त्या दिवाळीला किती माणसं उरली होती? सासू होती का? गोठ्यात बैल होते का, की वैरणीविना विकले? शिपायाला महिना ११ रुपये पगार होता आणि त्यातली मनीऑर्डर घरी येई, ती कुणाच्या हातात पडत होती? ती यायची बंद झाली तेव्हा घरातलं तिचं वजन वाढलं की घटलं? कपाळाला कुंकू लावायचं की नाही, हे हळदीकुंकवाला आलेल्या बायांनी ठरवलं की तिनं स्वतः?

म्हणजे कुतला तो भुकेनं मरत होता आणि दोन वर्षांनी इथे ती मरणाच्या घरात उभी होती. लढाईतून परत आलेली माणसं त्या घरात दोन आहेत. तुम्ही एकाच माणसाची जखम बांधायला घेतली, म्हणून शेवटचं प्रकरण लंगडं पडलं.

आणखी एक. परत आलेल्या माणसाकडे आपल्याकडे नुसत्या आनंदानं पाहिलं गेलेलं नाही, संशयानंही पाहिलं गेलं आहे. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, पण पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलं नाही, आणि पुढे 'मीच भाऊ' म्हणणारा तोतया उभा राहिला. त्याच्यामागे माणसं गेली, फौज जमली, १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला तेव्हा प्रकरण मिटलं. वाट पाहणाऱ्याला किती सहज फसवता येतं, हे महाराष्ट्रानं पेशव्यांच्या घरात पाहिलं आहे. मग साताऱ्याच्या एका खेड्यात हाडांचा सापळा झालेला, दात पडलेला, दाढी वाढलेला माणूस 'मी तोच' म्हणत आला, तर तुमची नायिका त्याला क्षणात कशी ओळखते? तिला आधी भीती वाटली तर? एखादी खूण तपासावीशी वाटली तर? पाटाची बोलणी चालू असताना तो आला आहे. 'हाच आहे' म्हणताना तिचं सगळं पुढचं आयुष्य पणाला लागतं. त्या दोन-चार दिवसांत जी प्रेमकथा आहे ती घागर पडण्यात नाही. (घागर तेवढी काढून टाकाच. ती फार वेळा पडून झाली आहे.)

भेटीनंतर बरं होणं कसं दाखवायचं? माझ्या मते प्रेमानं माणूस बरा होतो हे अर्धंच खरं आहे. जेवण, झोप, काम आणि वेळ यांनी तो बरा होतो. प्रेम असलं की घरचे तेवढा वेळ द्यायला तयार होतात. चुलत्यांचा चतकोर घ्या. पहिल्या दिवशी ती भाकरी वाढते. तो खाली मान घालून जेवतो आणि शेवटचा तुकडा कमरेला सारतो. ती पाहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सासू म्हणते, भूत लागलंय, देवऋषी बोलवा. उतारे होतात, लिंबं कापली जातात. तो गप्प. मग कधीतरी ती काही न बोलता त्याच्या उशाशी दुरडीत झाकून एक अख्खी भाकरी ठेवायला लागते, रोज. सकाळी ती तशीच असते, ती गाईला घालते आणि रात्री नवी ठेवते. चतकोर चोरून ठेवायची गरज त्याला कधी संपली, ते तारखेनिशी सांगू नका. मार्गशीर्षात एक दिवस त्याचं धोतर धुताना तिला कमरेच्या घडीत तुकडा सापडत नाही, एवढंच लिहा. असं एक प्रकरण जमलं तर वाचक तुम्हाला शंभर मिठ्या माफ करेल.

त्यानं कुतला काय खाल्लं, हा प्रश्नही घरात येणारच. जवळची माणसं विचारतील, पंगतीला बसवायचं की आधी शुद्ध करून घ्यायचं यावर भावकी जमेल. तुमच्या पणजोबांनी घोड्याचं मांस खाल्लं की नाकारलं हे तुम्हाला माहीत नाही. नायकाचं तुम्ही ठरवा, पण ठरवा. तो खोटं बोलला तर ते खोटं तिला कळलं का, हेही ठरवा.

आणि मूल. तुमच्या कादंबरीत तो गेला तेव्हा ती गरोदर होती, म्हणजे तो परत येतो तेव्हा मुलगी चार-पाच वर्षांची. तुम्ही तिला धावत जाऊन बापाच्या गळ्यात पडायला लावलं आहे. पाच वर्षांची पोर अनोळखी पुरुषाच्या गळ्यात पडत नाही. ती आजोबांच्या मागे लपते, आईजवळ झोपायला हा कोण आला म्हणून रागावते. कुटुंब पुन्हा एकत्र येतं तेव्हा नवरा-बायकोला निदान मागच्या आठवणी असतात, लेकराला त्याही नसतात. बाप-लेकीचं नातं त्या घरात सगळ्यात शेवटी जुळेल. त्याला जागा ठेवा.

आता थिल्लरपणाबद्दल. प्रेमकादंबरी वाचणारीला शेवटी दोघं एकत्र हवी असतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. दुःखावर लिहायचं तर दुःखातच संपवलं पाहिजे, असा काही नियम नाही. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत गादीवरचे, घोड्यावरचे पुष्कळ आले. मनीऑर्डरची वाट पाहणारी शिपायाची बायको क्वचितच आली. तिला नायिका करणं हा थिल्लरपणा कसा? साताऱ्याकडे कितीतरी गावांत सरकारनं लावलेल्या शिळा आहेत : या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या युद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. अपशिंग्याचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले, हे जिल्ह्यात लहान पोरही सांगतं. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांवर माणसांची नोंद आहे, पण साध्या हिंदी शिपायांची नावं तिथे कोरली गेली नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा आला. मेलेल्यांचं हे, मग परत आलेल्यांचं काय? ते वजाबाकीत उरतात, आणि त्यांच्या घरच्या बाया वजाबाकीतही नाहीत. त्यांच्याबद्दल जे लिहिलं जाईल ते बहुतेक कथा-कादंबरीतच लिहिलं जाईल. तेव्हा निःसंकोच लिहा.

शेवटासाठी मला तीन वाटा दिसतात. आहे तसं दारात संपवून आधी थोडी शंका पेरायची. सोपं आहे, पण चुलत्यांनी दिलेलं सगळं वाया जाईल. दुसरी, पणतीची आजची गोष्ट आणि तेव्हाची गोष्ट आलटून-पालटून सांगायची. त्यात पणती फार बोलते आणि पणजी मागे पडते, म्हणून मला ती नको वाटते. तिसरी, त्याचं परत येणं उचलून कादंबरीच्या मध्यावर ठेवायचं आणि उरलेला अर्धा भाग त्या दोघांच्या पुन्हा ओळख होण्याला द्यायचा. मी ही निवडीन. युद्धाची सहा प्रकरणं त्यासाठी तीनवर आणावी लागतील. आणा. कुतच्या लढाईचे नकाशे वाचकाला इतरत्र मिळतील. शेवट गोडच राहील, फक्त तो १९१९ ऐवजी १९२१-२२ कडे सरकेल, आणि 'सगळं ठीक झालं' असं कुणाला म्हणावं लागणार नाही.

चुलत्यांचा प्रश्न मी हलका मानत नाही. त्यांच्या पिढीसाठी पाट ही झाकून ठेवायची गोष्ट होती, विशेषतः ज्या घरांनी नंतर स्वतःला कुलीन म्हणवून घेतलं त्यांच्यासाठी. पण त्यात पणजीचा दोष काय? पाट तिनं मागितला नव्हता. घरातल्या पुरुषांनी, कदाचित तिच्या पोटाची सोय म्हणूनच, बोलणी केली होती. ती वाईट माणसंही नव्हती; दुष्काळात तरुण विधवा आणि तिची पोर कोण सांभाळणार, हा खरा प्रश्न होता. असं लिहिलंत तर अब्रू कुणाचीच जात नाही. पाट काढून टाकलात तर मात्र नायिकेला निवडच उरत नाही आणि कादंबरीचा कणा जातो. म्हणून पाट ठेवा. गाव, आडनाव, पलटणीचा नंबर, मुलांची संख्या बदला. 'ही आमच्या घराण्याची सत्यकथा' असं मुखपृष्ठावर लिहायचा मोह टाळा, विक्रीसाठी कुणी सुचवलं तरी. चुलत्यांची परवानगी मागू नका, कारण त्यांनी नाही म्हटलं तर तुम्ही अडकाल. पण छापण्याआधी त्यांना समोर बसवून ती प्रकरणं वाचून दाखवा. बाहेरच्याकडून कळणं आणि पुतणीनं स्वतः सांगणं यांत फार अंतर आहे.

ज्यांच्या घरी अशीच एखादी गोष्ट आहे आणि लिहायची इच्छा आहे, त्यांच्यासाठीही थोडं सांगते. घरात पेन्शनचा कागद, डिस्चार्ज सर्टिफिकेट, पदक असेल तर प्रथम ते शोधा. पदकाच्या कडेवर बहुधा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. ते हाती असेल तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरला आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला लिहिता येतं. न परतलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव घालून पाहा. कायमचं अपंगत्व आलेल्या शिपायांना काम शिकवायला १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरी टेक्निकल स्कूल सुरू झालं, ते आता खडकीला आहे. पात्र लंगडं-लुळं होऊन परतत असेल तर त्याला नुसतं ओट्यावर बसवून ठेवायची गरज नाही. आणि बायांची भाषा हवी असेल तर जात्यावरच्या ओव्या वाचा. लाखावर ओव्या 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आहेत, कितीतरी गायलेल्या ऐकताही येतात. भाऊ, नवरा, सासर, दुष्काळ यांबद्दल त्या बाया कसं बोलत, ते कुठल्याही दप्तरात मिळणार नाही. मोडी कागद निघाले तर फेकू नका. मोडी वाचणारे आजही सापडतात.

एक मात्र सांभाळा, हे सगळ्यांनाच. घरातल्या म्हाताऱ्यांना 'त्यांचं एकमेकांवर प्रेम होतं का?' असं विचारू नका. ते हसतील किंवा चिडतील. ते जेवायला कुठे बसत, तिला काय म्हणून हाक मारत, आजारी पडले की कोण उठायचं, बाजारातून तिच्यासाठी कधी काही आणत का, असं विचारा. उत्तरं आपोआप येतात.

तुम्ही या आठवड्यात चुलत्यांकडे जाणार असाल तर कादंबरीचा विषय नका काढू. पणजोबा ओट्यावरून घरात झोपायला कोणत्या साली आले, ते विचारा. त्यांना ठाऊक नसेल तर एखाद्या आत्याला ठाऊक असेल. कुणालाच ठाऊक नसेल, किंवा ते शेवटपर्यंत ओट्यावरच झोपले असं निघालं, तर तेव्हा तिनं आपलं अंथरूण कुठे घातलं असेल, ते तुम्हाला ठरवावं लागेल. नवं प्रकरण लिहून झालं की पाठवा. मी वाचीन.